डेस्कटॉपवर वायफायची परवानगी नाकारली जाते तेव्हा

वायफायच्या चिन्हावर टिचकी मारली की नेटवर्कांची यादी दिसते, आपले नेटवर्क निवडले की प्रशासकाचा पासवर्ड मागितला जातो, आणि तो जवळ नसेल तर ‘सिस्टिम पॉलिसी प्रिव्हेंट्स कंट्रोल ऑफ नेटवर्क कनेक्शन्स’ हे वाक्य तेवढे पडद्यावर उरते. माझ्या पाहण्यात ही तक्रार लॅपटॉपपेक्षा डेस्कटॉपवर अधिक येते, आणि त्याला कारण आहे. लॅपटॉप बहुधा एकाच माणसाचा असतो. नाशिकमधील सातपूर-अंबडच्या औद्योगिक वसाहतींतील लहान कारखान्यांच्या कचेऱ्या, कॉलेज रोडच्या आसपासच्या अभ्यासिका, कॅनडा कॉर्नरजवळची करसल्लागारांची कार्यालये किंवा पिंपळगाव बसवंतकडे द्राक्षांच्या हंगामात गजबजणारी पॅकहाउस अशा ठिकाणी मात्र एकच डेस्कटॉप तीन-चार जण वापरतात, तार ओढण्याचा खटाटोप नको म्हणून मागे वायफायचा यूएसबी डोंगल खोचतात, आणि जुनी हार्ड डिस्क नव्या यंत्रात किंवा जुन्या फाइली नव्या डिस्कवर आणून काम पुढे चालू ठेवतात. परवानगीच्या जवळजवळ सर्व भानगडी या तीन सवयींतून उद्भवतात.

विंडोज १० चा नियमित आधार १४ ऑक्टोबर २०२५ रोजी संपला, आणि त्यानंतर जी यंत्रे विंडोज ११ च्या अटींत बसत नव्हती त्यांवर उबुंटू किंवा लिनक्स मिंट टाकण्याचा पर्याय अनेकांपुढे आला. म्हणून येथे मुख्य विवेचन लिनक्सचे, त्यातही नेटवर्कमॅनेजर (नेटवर्कच्या जोडण्या सांभाळणारा प्रोग्राम) वापरणाऱ्या उबुंटू, मिंट, डेबियन या वितरणांचे, म्हणजे लिनक्सच्या तयार संचांचे, आहे. विंडोज ११ चे मुद्दे शेवटाकडे घेतले आहेत. कमांड येथे उच्चाराप्रमाणे देवनागरीत लिहिल्या आहेत. टर्मिनलमध्ये त्या रोमन लिपीत आणि लहान अक्षरांत टंकाव्यात, अंकही रोमनच द्यावेत. अपवाद ‘नेटवर्कमॅनेजर’ या शब्दाचा: त्यातील ‘एन’ आणि ‘एम’ ही अक्षरे मोठी लिहिली नाहीत तर सेवा किंवा फोल्डर सापडत नाही.

आधी नकार कोणाचा, हे ठरवावे

‘परवानगी नाही’ या एका तक्रारीमागे निरनिराळे नकार असू शकतात. डोंगलचा ड्रायव्हर कर्नलने, म्हणजे लिनक्सच्या गाभ्याने, घेतलाच नसेल. रेडिओ सॉफ्टवेअरने बंद ठेवला असेल. पॉलकिट या परवानगी-यंत्रणेने वापरकर्त्याला अडवले असेल. वायफायचा पासवर्ड ज्या कीरिंगमध्ये, म्हणजे पासवर्डांच्या तिजोरीत, आहे ती कुलूपबंद असेल. नेटवर्कमॅनेजरने जोडणीची फाइलच असुरक्षित ठरवली असेल. किंवा संगणकाचे सारे सुरळीत असून राउटरच त्याला दारात उभे करत नसेल. या प्रत्येकाचा उपाय वेगळा आहे, आणि एकाचा उपाय दुसऱ्यावर केला की मूळ दोष राहतो तो राहतोच, शिवाय सुरक्षेत एक भोक पडते. प्रत्येक अडचणीवर वापरकर्त्याला ‘ॲडमिनिस्ट्रेटर’ करून टाकणे हा आपल्याकडचा सर्रास चालणारा उपाय आहे. जेथे संगणकावर हिशेबाची पुस्तके आणि ग्राहकांची पॅन कार्डे ठेवलेली असतात तेथे तो करू नये, असे माझे स्पष्ट मत आहे.

फोनवरून तक्रार येते ती बहुधा ‘नेट चालत नाही, पासवर्ड मागतंय’ एवढीच. त्यावर पहिला प्रश्न असा विचारावा की कोणता पासवर्ड मागतो आहे, कारण येथे तीन वेगवेगळे पासवर्ड संभवतात आणि त्यांच्या चौकटी घाईत सारख्याच दिसतात. चौकटीत ‘वायफाय नेटवर्क ऑथेंटिकेशन रिक्वायर्ड’ असे लिहून नेटवर्कचे नाव दिले असेल तर तो राउटरचा पासवर्ड होय. ‘सिस्टिम पॉलिसी प्रिव्हेंट्स’ या शब्दांनी वाक्य सुरू होत असेल आणि खाली एखाद्या प्रशासक खात्याचे नाव दिसत असेल तर तो पॉलकिटने मागितलेला प्रशासकाचा पासवर्ड होय. ‘अनलॉक’ आणि ‘कीरिंग’ हे शब्द असतील तर त्याचा ना राउटरशी संबंध ना प्रशासकाशी. तो त्या वापरकर्त्याच्या तिजोरीचा पासवर्ड आहे. चौकटीचा फोनवर फोटो काढून पाठवण्यास सांगितले तर निम्मे निदान तेथेच होते.

चौकट येतच नसेल तर लॉगकडे, म्हणजे यंत्राच्या नोंदींकडे, वळावे. ‘जर्नलसीटीएल -यू नेटवर्कमॅनेजर -बी’ ही कमांड यंत्र सुरू झाल्यापासून नेटवर्कमॅनेजरने काय काय केले ते सांगते. जोडणीचा प्रयत्न करावा, लगेच ही कमांड द्यावी आणि शेवटच्या वीस-पंचवीस ओळी वाचाव्यात. आधीच्या ओळी नवख्या माणसाला घाबरवण्यापलीकडे फारसे काही करत नाहीत.

परवानग्यांचा तक्ता

पॉलकिटवर संशय असेल तर अंदाज बांधत बसण्याची गरज नाही. ज्या खात्यात अडचण येते त्याच खात्यात, आणि सुडो (कमांड प्रशासकाच्या अधिकाराने चालवणारा शब्द) न लावता, ‘एनएमसीएलआय जनरल परमिशन्स’ ही कमांड द्यावी. सुडो लावला तर रूट या सर्वाधिकारी वापरकर्त्याच्या परवानग्या दिसतात, आणि रूटला सर्वच मोकळे असल्याने त्या पाहण्यात अर्थ नसतो. उत्तरादाखल दोन स्तंभांचा तक्ता येतो. डावीकडे ‘ओआरजी.फ्रीडेस्कटॉप.नेटवर्कमॅनेजर’ने सुरू होणारी लांबलचक नावे असतात आणि उजवीकडे ‘येस’, ‘नो’ किंवा ‘ऑथ’ यांपैकी एक शब्द. ‘ऑथ’ म्हणजे पासवर्ड दिल्यावर परवानगी.

नावे बरीच असली तरी वायफायच्या तक्रारीत पाचच ओळी कामाच्या ठरतात. ‘इनेबल-डिसेबल-वायफाय’ ही ओळ रेडिओ चालू-बंद करण्याची. ‘वायफाय.स्कॅन’ ही आसपासची नेटवर्के शोधण्याची. ‘नेटवर्क-कंट्रोल’ ही आधीच जतन केलेली जोडणी सुरू किंवा बंद करण्याची. ‘सेटिंग्ज.मॉडिफाय.ओन’ ही केवळ स्वतःपुरती जोडणी तयार करण्याची आणि ‘सेटिंग्ज.मॉडिफाय.सिस्टिम’ ही सर्व वापरकर्त्यांना लागू होणारी जोडणी तयार करण्याची किंवा बदलण्याची. शेवटच्या ओळीसमोर ‘ऑथ’ दिसले तर तो दोष समजू नये. सामान्य खात्यासाठी अनेक वितरणांत तीच योजना आहे आणि सामाईक संगणकावर ती योग्यही आहे. अशा ठिकाणी प्रशासकाने एकदाच सर्वांसाठी जोडणी तयार करून द्यावी. मग इतरांना फक्त ‘नेटवर्क-कंट्रोल’समोर ‘येस’ असले की पुरते.

‘नेटवर्क-कंट्रोल’ किंवा ‘वायफाय.स्कॅन’समोरच ‘नो’ अथवा ‘ऑथ’ दिसत असेल तर मात्र शोध पुढे न्यावा लागतो, कारण यंत्रासमोर बसून लॉगिन केलेल्या माणसाला या दोन परवानग्या सहसा न विचारता मिळतात. त्या मिळत नसतील तर तो माणूस यंत्रासमोर बसला आहे हे संगणकाला पटलेले नाही, असा त्याचा बहुधा अर्थ होतो.

सत्र समोरचे की दूरचे

पॉलकिट केवळ खात्याचे नाव पाहत नाही; त्या खात्याचे चालू सत्र यंत्राच्या स्वतःच्या कीबोर्ड-पडद्यावर आहे का आणि ते या क्षणी सक्रिय आहे का, हेही तपासते. प्रत्येक कृतीसाठी तिच्याकडे तीन वेगळी उत्तरे नोंदलेली असतात: समोरच्या सक्रिय सत्रासाठी एक, समोरच्या पण निष्क्रिय सत्रासाठी दुसरे, आणि बाकी कोणासाठीही तिसरे. त्यामुळे तेच खाते, तोच पासवर्ड आणि तोच संगणक असूनही सकाळी कचेरीत बसून वायफाय बदलता येते आणि संध्याकाळी घरून रिमोट डेस्कटॉपने शिरल्यावर ‘सिस्टिम पॉलिसी प्रिव्हेंट्स वायफाय स्कॅन्स’ असा संदेश येतो. महिन्याच्या २० तारखेला जीएसटीआर-३बी हे जीएसटीचे विवरणपत्र भरायचे असते, तेव्हा नाशिक रोडच्या घरून शहरातल्या कार्यालयातील यंत्रात शिरणाऱ्या हिशेबनिसाला हा संदेश पाहून वायफाय बिघडल्यासारखे वाटते. प्रत्यक्षात जोडणी चालूच असते, नाहीतर तो तेथवर पोहोचलाच नसता. नाकारला जातो तो फक्त नवा शोध. अशा वेळी चौकट रद्द करून कामाला लागावे.

सत्राची खातरजमा करण्यासाठी नुसते ‘लॉगिनसीटीएल’ टंकावे. चालू सत्रांची यादी आणि प्रत्येकाचा क्रमांक मिळतो. मग ‘लॉगिनसीटीएल शो-सेशन’ लिहून पुढे आपल्या सत्राचा क्रमांक द्यावा. येणाऱ्या ओळींत ‘रिमोट=नो’, ‘ॲक्टिव्ह=येस’ आणि ‘सीट=सीट०’ या तिन्ही असायला हव्यात. ‘रिमोट=येस’ असेल तर कारण वर सांगितलेच आहे. ‘ॲक्टिव्ह=नो’ असेल तर ‘स्विच यूजर’ करून दुसऱ्याचे सत्र मागे उघडे ठेवले आहे का ते पाहावे. अभ्यासिकांमध्ये हे हमखास घडते: एक विद्यार्थी लॉग आउट न करता निघून जातो, दुसरा आपल्या खात्याने शिरतो, आणि पहिल्याच्या मागे राहिलेल्या सत्रातील जोडणी दुसऱ्याच्या आड येते. सर्वांना पूर्ण लॉग आउट करायला लावावे किंवा यंत्र एकदा पुन्हा सुरू करावे, म्हणजे चित्र स्वच्छ होते.

आणखी एक बारकावा हलक्या डेस्कटॉपचा. जुन्या यंत्राचा वेग टिकवण्यासाठी काही जण गनोम किंवा सिनॅमन हे पूर्ण डेस्कटॉप न वापरता ओपनबॉक्स किंवा आय३ यांसारखा नुसता विंडो मॅनेजर चालवतात. तेथे ‘ऑथ’ असलेल्या कृतीसाठी पासवर्ड विचारणारी चौकट दाखवणारा छोटा प्रोग्राम, ज्याला ऑथेंटिकेशन एजंट म्हणतात, आपोआप सुरू होत नाही. विचारणाराच कोणी नसल्यामुळे परवानगी मुकाट्याने नाकारली जाते आणि ‘नॉट ऑथोराइज्ड टू कंट्रोल नेटवर्किंग’ असा कोरडा संदेश येतो. एलएक्सपॉलकिट किंवा मेट-पॉलकिट स्थापित करून सत्राबरोबर सुरू होणाऱ्या प्रोग्रामांत त्याचा समावेश करावा.

गटात नाव घालणे आणि त्याची मर्यादा

डेबियनमध्ये आणि त्यावर आधारलेल्या वितरणांत नेटवर्कमॅनेजरबरोबर एक तयार नियम येतो: जो वापरकर्ता ‘सुडो’ किंवा ‘नेटडेव्ह’ गटात आहे, यंत्रासमोर आहे आणि ज्याचे सत्र सक्रिय आहे, त्याला सर्वांसाठीच्या जोडण्या पासवर्डाविना बदलता येतात. म्हणून कार्यालयातील एखाद्या विश्वासू कर्मचाऱ्याला वायफायची जबाबदारी द्यायची असेल तर त्याला प्रशासक न करता ‘सुडो ॲडयूजर’ पुढे त्याचे खाते आणि त्यापुढे ‘नेटडेव्ह’ अशी कमांड द्यावी. गटाचा बदल पुढच्या लॉगिनपासून लागू होतो. चालू खिडकीत तो दिसणार नाही. या नियमातील ‘समोर’ आणि ‘सक्रिय’ या दोन अटी विसरून अनेक जण दूरच्या सत्रासाठी हाच उपाय करतात आणि काहीच बदलले नाही म्हणून गोंधळतात.

ज्यांनी पूर्वी पॉलकिटसाठी स्वतःचे नियम लिहून ठेवले होते त्यांनी वितरणाची नवी आवृत्ती घेताना सावध राहावे. डेबियन आणि उबुंटू दीर्घकाळ पॉलकिटच्या ०.१०५ या जुन्या आवृत्तीवर होते आणि तेथे नियम ‘पीकेएलए’ नावाच्या साध्या मजकुराच्या फाइलींत लिहिले जात. २०२३ मध्ये आलेल्या डेबियन १२ मध्ये आणि पुढे उबुंटू २४.०४ मध्ये नवी आवृत्ती आली. तिचे नियम जावास्क्रिप्टमध्ये लिहिलेले असतात आणि ‘/ईटीसी/पॉलकिट-१/रूल्स.डी’ या फोल्डरमध्ये ठेवले जातात. जुन्या पीकेएलए फाइली वाचण्यासाठी ‘पॉलकिटडी-पीकेएलए’ हे स्वतंत्र पॅकेज लागते. ते नसेल तर जुना नियम जागच्या जागी दिसतो आणि त्याला कोणी विचारत नाही. ‘अपग्रेड केल्यापासून पासवर्ड मागायला लागला’ अशी तक्रार असेल तर हे आधी तपासावे.

तिजोरीचे कुलूप

कीरिंगची अडचण सामाईक संगणकावर इतकी नित्याची आहे की तिला थोडी जास्त जागा दिली पाहिजे. वापरकर्ता वायफायचा पासवर्ड ‘फक्त माझ्यासाठी’ जतन करतो तेव्हा तो त्याच्या कीरिंगमध्ये जातो, आणि ही कीरिंग लॉगिनच्या पासवर्डानेच उघडते. म्हणजे लॉगिन करताना पासवर्ड टंकला की तिजोरी आपोआप उघडते आणि माणसाला तिचे अस्तित्वही जाणवत नाही. बिनसते ते दोन प्रसंगी. यंत्र ऑटोमॅटिक लॉगिनवर ठेवले असेल तर पासवर्ड टंकलाच जात नाही, त्यामुळे तिजोरी बंदच राहते आणि वायफायला पासवर्ड हवा झाला की ‘अनलॉक’ची चौकट येते. दुसरा प्रसंग प्रशासकाने दुसऱ्याच खात्यातून त्या माणसाचा लॉगिन पासवर्ड बदलण्याचा: खाते नव्या पासवर्डाने उघडते, पण तिजोरीला तो बदल ठाऊक नसल्याने ती जुनाच मागत राहते.

जुना पासवर्ड आठवत असेल तर काम सोपे आहे. ‘पासवर्ड्स अँड कीज’ हा प्रोग्राम उघडावा, ‘लॉगिन’ या कीरिंगवर उजवी टिचकी मारून ‘चेंज पासवर्ड’ निवडावे आणि जुन्याच्या जागी आताचा लॉगिन पासवर्ड द्यावा. जुना आठवतच नसेल तर त्या खात्याच्या होम फोल्डरमधील ‘.लोकल/शेअर/कीरिंग्ज’ येथील ‘लॉगिन.कीरिंग’ या फाइलीचे नाव बदलून ठेवावे आणि पुन्हा लॉगिन करावे. नवी, रिकामी तिजोरी तयार होते. त्यात ठेवलेले इतर पासवर्ड, ब्राउझरने तेथे ठेवलेल्या चाव्यांसह, यामुळे हाताबाहेर जातात, हे संबंधिताला आधी सांगावे आणि मगच हात घालावा. तिजोरीला रिकामा पासवर्ड देण्याचा सल्ला सर्रास दिला जातो; त्याने चौकट जाते हे खरे, पण आतले सर्व काही उघडे पडते.

सामाईक यंत्रावर याहून नेटका मार्ग म्हणजे वायफायचा पासवर्ड कोणाच्याही तिजोरीत न ठेवणे. ‘एनएम-कनेक्शन-एडिटर’ उघडून जोडणीच्या ‘जनरल’ टॅबमध्ये ‘ऑल यूजर्स मे कनेक्ट टू धिस नेटवर्क’ या चौकोनात खूण करावी, आणि ‘वायफाय सिक्युरिटी’ टॅबमध्ये पासवर्डच्या रकान्यातील छोट्या चिन्हावर टिचकी मारून ‘स्टोअर द पासवर्ड फॉर ऑल यूजर्स’ निवडावे. दोन्ही केल्यावर यंत्र लॉगिनच्या आधीच वायफायला जोडले जाते, जे छापखान्याच्या किंवा बिलाच्या यंत्रासाठी विशेष सोयीचे आहे. पासवर्ड आता डिस्कवर साध्या मजकुरात असतो, पण ती फाइल रूटशिवाय कोणाला वाचता येत नाही.

फाइल सर्वांना खुली केली की नेटवर्कमॅनेजर ती वाचत नाही

ही फाइल बहुतेक वितरणांत ‘/ईटीसी/नेटवर्कमॅनेजर/सिस्टिम-कनेक्शन्स’ या फोल्डरमध्ये (उबुंटूच्या २३.१० पासूनच्या आवृत्त्यांत ‘/ईटीसी/नेटप्लॅन’मध्ये) असते आणि प्रत्येक जोडणीसाठी एक स्वतंत्र फाइल असते. जुन्या डिस्कवरून किंवा पेन ड्राइव्हवरून या फाइली नव्या यंत्रात उचलून आणल्या की जोडण्यांची नावेच यादीतून गायब झालेली आढळतात. कारण विचित्र वाटेल, पण तर्कशुद्ध आहे: नेटवर्कमॅनेजरच्या मते या फाइलींचा मालक रूट असला पाहिजे आणि त्या इतर कोणालाही वाचता येता कामा नयेत. पेन ड्राइव्हच्या फाइल सिस्टिममध्ये या परवानग्या टिकत नाहीत, आणि फाइल व्यवस्थापकातून नक्कल केली की मालकीही बदलते. लॉगमध्ये तेव्हा ‘फाइल परमिशन्स (१००६४४) आर इनसिक्युअर’ अशी किंवा ‘फाइल ओनर (१०००) इज इनसिक्युअर’ अशी ओळ सापडते. पहिल्या आकड्यातील शेवटचे तीन अंक महत्त्वाचे: ६४४ म्हणजे मालक लिहू-वाचू शकतो आणि बाकी सर्व वाचू शकतात. दुसऱ्यातील १००० हा साधारणपणे यंत्रावरील पहिल्या वापरकर्त्याचा क्रमांक असतो.

येथे सवयीने ‘७७७’ ही परवानगी दिली तर दोष बरा होण्याऐवजी पक्का होतो. योग्य क्रम असा: ‘सुडो सीएचओन रूट:रूट’ पुढे फाइलीचा पूर्ण मार्ग देऊन मालकी रूटकडे द्यावी, ‘सुडो सीएचमॉड ६००’ पुढे तोच मार्ग देऊन परवानगी आवळावी, मग ‘सुडो एनएमसीएलआय कनेक्शन रीलोड’ देऊन नेटवर्कमॅनेजरला फाइली पुन्हा वाचायला लावाव्यात. यंत्र पुन्हा सुरू करण्याची गरज नाही.

एवढे करूनही जोडणी दिसत नसेल, किंवा एकाच खात्याला दिसून बाकीच्यांना दिसत नसेल, तर फाइल उघडून पाहावी. ‘परमिशन्स=यूजर:’ या ओळीत जुन्या खात्याचे नाव असेल तर ती जोडणी त्या एकाच नावासाठी राखीव आहे, आणि नव्या यंत्रात ते खातेच नसेल तर ती कोणाचीच राहत नाही. ‘सुडो एनएमसीएलआय कनेक्शन मॉडिफाय’ पुढे जोडणीचे नाव, त्यापुढे ‘कनेक्शन.परमिशन्स’ आणि शेवटी रिकामे अवतरण दिले की ते बंधन निघते. त्याच फाइलीत ‘इंटरफेस-नेम’ ही ओळही तपासावी. यूएसबी डोंगलला बहुधा ‘डब्ल्यूएलएक्स’ने सुरू होणारे आणि त्याच्या हार्डवेअर पत्त्यावरून बनलेले नाव मिळते; डोंगल बदलला की नाव बदलते आणि जुन्या नावाला बांधलेली जोडणी नव्या डोंगलला लागू होत नाही.

डोंगल, रेडिओ आणि सिक्युअर बूट

वायफायचे चिन्हच नसेल तर पॉलकिटला दोष देण्याआधी ‘आरएफकिल लिस्ट’ द्यावे. ‘सॉफ्ट ब्लॉक्ड: येस’ असेल तर ‘आरएफकिल अनब्लॉक वायफाय’ पुरते. ही अवस्था यंत्र बंद करून सुरू केल्यावरही लक्षात ठेवली जाते, त्यामुळे कोणीतरी कधी काळी दाबलेला एअरप्लेन मोड आठवडाभर छळू शकतो. ‘हार्ड ब्लॉक्ड: येस’ असेल तर तो हार्डवेअरचा नकार आहे, डेस्कटॉपवर तो क्वचितच दिसतो.

टर्मिनलमधून ‘आयडब्ल्यू’ने शोध घेताना ‘ऑपरेशन नॉट परमिटेड (-१)’ हा संदेश आला तर दचकू नये. हा शोध थेट घेण्याची मुभा सामान्य खात्याला नसतेच. त्याऐवजी ‘एनएमसीएलआय डिव्हाइस वायफाय लिस्ट’ द्यावे, म्हणजे तेच काम नेटवर्कमॅनेजरकरवी होते.

रिअलटेक चिपच्या स्वस्त डोंगलांची गोष्ट वेगळी. त्यांपैकी काहींचा ड्रायव्हर कर्नलमध्ये नसतो आणि तो डीकेएमएस या साधनाच्या मदतीने यंत्रावरच तयार करावा लागतो. सिक्युअर बूट (यंत्र सुरू होताना फक्त ओळखीची सही असलेले सॉफ्टवेअर स्वीकारणारी सोय) चालू असेल तर सही नसलेला किंवा अनोळखी सहीचा ड्रायव्हर कर्नल घेत नाही आणि ‘की वॉज रिजेक्टेड बाय सर्व्हिस’ असे सांगतो. जुन्या कर्नलांवर ‘रिक्वायर्ड की नॉट अव्हेलेबल’ असे शब्द येतात. उबुंटूवर ‘सुडो अपडेट-सेक्युअरबूट-पॉलिसी --एनरोल-की’ द्यावे, विचारल्यावर एक तात्पुरता पासवर्ड ठरवावा आणि यंत्र पुन्हा सुरू करावे. सुरू होताना निळ्या पडद्यावर ‘एनरोल एमओके’चा, म्हणजे ड्रायव्हरच्या सहीची चावी नोंदवण्याचा, पर्याय थोडा वेळच थांबतो, तो निवडून तोच पासवर्ड द्यावा. ही पायरी दूरवरून करता येत नाही. यंत्रासमोर कीबोर्ड घेऊन कोणीतरी बसलेच पाहिजे, म्हणून दिंडोरीच्या यंत्रासाठी नाशिकहून फोनवर मार्गदर्शन करताना त्या माणसाला हा पडदा आधी समजावून सांगावा.

राउटरने अडवले असेल तर

पासवर्ड बरोबर असूनही तीच चौकट पुन्हा पुन्हा येते आणि लॉगमध्ये परवानगीचा एकही शब्द नाही, असे दिसले तर राउटरवर हार्डवेअर पत्त्यांची यादी लावलेली आहे का ते पाहावे. नवा डोंगल म्हणजे नवा पत्ता. त्याची नोंद यादीत करावी लागते. जोडणीच्या ‘क्लोन्ड ॲड्रेस’ या रकान्यात ‘रँडम’ असेल तर नोंद करूनही उपयोग नाही, कारण पत्ता बदलत राहतो. तेथे ‘परमनंट’ ठेवावे.

विंडोज ११ वर

विंडोजमध्ये परवानगीचा प्रश्न कमी ठिकाणी अडतो. २०२४ मधील २४एच२ आवृत्तीपासून मात्र एक नवी गोष्ट आली आहे: आसपासच्या वायफायची माहिती घेण्यासाठी लोकेशनची परवानगी लागते, कारण राउटरांच्या पत्त्यांवरून यंत्राचे ठिकाण ओळखता येते. त्यामुळे ‘नेटश डब्ल्यूलॅन शो इंटरफेसेस’ ही वर्षानुवर्षे चालणारी कमांड आता ‘नेटवर्क शेल कमांड्स नीड लोकेशन परमिशन’ असे उत्तर देऊ शकते. सेटिंग्जमध्ये ‘प्रायव्हसी अँड सिक्युरिटी’, मग ‘लोकेशन’ येथे जाऊन लोकेशन सर्व्हिसेस आणि डेस्कटॉप ॲप्सची परवानगी अशी दोन्ही बटणे चालू करावीत. निदान झाल्यावर ती पुन्हा बंद केली तरी वायफायची जोडणी तुटत नाही.

एखादेच नेटवर्क यादीत येत नसेल तर ‘नेटश डब्ल्यूलॅन शो फिल्टर्स’ देऊन पाहावे. कोणीतरी पूर्वी ‘परमिशन=डिनायऑल’ असा फिल्टर लावून ठरावीक नेटवर्कांखेरीज सर्व काही लपवले असेल तर ते येथे उघड होते, आणि प्रशासक म्हणून उघडलेल्या कमांड प्रॉम्प्टमध्ये ‘नेटश डब्ल्यूलॅन डिलीट फिल्टर परमिशन=डिनायऑल नेटवर्कटाइप=इन्फ्रास्ट्रक्चर’ दिल्यावर ते निघते. वायफायचे बटणच दिसत नसेल तर ‘सर्व्हिसेस’मध्ये ‘डब्ल्यूलॅन ऑटोकॉन्फिग’ ही सेवा चालू आणि ‘ऑटोमॅटिक’वर आहे याची खात्री करावी.

दुरुस्ती कोणत्याही यंत्रणेवर केलेली असो, ती प्रशासकाच्या खात्यातून तपासू नये. यंत्र पूर्ण बंद करून सुरू करावे, ज्या सामान्य खात्यातून तक्रार आली होती त्यातूनच प्रथम लॉगिन करावे, नंतर लॉग आउट करून दुसऱ्या खात्याने शिरावे, आणि दोन्ही वेळा कोणतीही चौकट न येता वायफाय जोडले गेले तरच त्या संगणकाच्या वहीत काम पूर्ण झाल्याची नोंद करावी. नोंदीत डोंगलचे मॉडेल, जोडणी सर्वांसाठी आहे की एकासाठी, आणि ‘नेटडेव्ह’ गटात कोणाकोणाची नावे घातली हे लिहून ठेवावे. कर्मचारी नोकरी सोडून गेला की त्या गटातून त्याचे नाव काढायचे असते.